वहिनींचा विरोध

धाकटी नात शाळेत जायला लागली त्या वर्षी नर्सबाईंना शाळेपुढच्या रस्त्यावर गतिरोधक हवा होता. म्हणून भर सभेत त्या ठणकावून म्हणाल्या, "गतिरोधक मुळीच नको." नगराध्यक्ष त्यांचा सख्खा दीर. "वहिनी नको म्हणतात, म्हणजे हवाच," म्हणत त्याने हात वर केला. पाठोपाठ सगळ्यांनी केले. घरी नवऱ्याला हे सांगताना बाईंना हसू आवरेना. पुढे गटारं, दिवे, दवाखाना, सगळं त्यांनी असंच कडाडून विरोध करून मिळवलं.

शेवटच्या दुखण्यात दीर उशाशी येऊन बसला. "वहिनी, लवकर उठा. पूल बांधायचाय, आणि तुम्ही नको म्हटल्याशिवाय माझी माणसं हात वर करत नाहीत."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पूल मुळीच नको. सभेत सांग, वहिनीने बजावलंय."

नात दहावी झाली त्याच आठवड्यात नर्सबाई वारल्या.