सुतकातली कॉफी

केर्तीची आई देवळाच्या दाराशी आली, पण उंबरठा तिने ओलांडला नाही. तेवढं भान तिला होतं. कमरेला देवळात बांधायचा पिवळा पट्टा होता. हातातल्या ताटलीत बशी झाकलेला कॉफीचा कप होता आणि केळीच्या पानावर दोन तळलेली केळी.

देवळाचे पुजारी मांगकू सुआर्ता अंगण झाडत होते. गेले नऊ दिवस ते काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. त्याआधी वीस वर्षं ती झाडायची. देवळाची पाळी गावात घराघरावर असते, तिची महिन्यातून एकदा यायची. ती रोज यायची. तिला कोणी ये म्हटलं नव्हतं, आणि का येतेस असंही कोणी विचारलं नव्हतं.

"केर्तीची आई, तू कशाला आलीस? सुतक आहे ना तुला?"

हाक तोंडून निघून गेली आणि मांगकूंनी जीभ चावली. आमच्या बालीत बाईला पहिल्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. मुलगा गेला म्हणून आता तिला दुसरं नाव कुठून आणायचं?

"आत कुठे येतेय मी? बाहेरच उभी आहे. हे तेवढं देवापुढे ठेवा."

"सुतकाच्या घरचं चालत नाही गं."

"घरचं नाहीच मुळी. टपरीवर करून घेतलंय सगळं. कप तेवढा देवाचा आहे, उकळत्या पाण्यात घालून आणलाय. टपरीच्या ग्लासातून तो पीत नाही."

मांगकूंचा खराटा थांबला. मंत्र चुकू नये, उदबत्ती विझू नये, एवढं त्यांनी जन्मभर सांभाळलं होतं. देव कशातून पितो आणि कशातून नाही, हे काही त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"बेचाळीस दिवस तुला सगळं माफ आहे," ते समजावत म्हणाले. "देव काही रागावणार नाही."

"माफ? मी काय त्याच्याकडे नोकरीला आहे?" ती म्हणाली. "आज सकाळी कॉफी कोणी ठेवली?"

"पाळीवालीने."

"साखर घालून?"

"असेल घातलेली."

"त्याला गोड सोसत नाही," ती म्हणाली, आणि एवढ्याशा गोष्टीने तिचे डोळे भरून आले.

मांगकूंना राहवलं नाही. "अगं, देवाला सगळं कळतं. तुझ्यावर काय कोसळलंय, ते त्याला ठाऊक आहे."

तिचा चेहराच उतरला. "कोणी सांगितलं त्याला? तुम्ही?"

"मी कशाला सांगू? त्याला सांगावं लागतं का?"

"मग नाही ठाऊक," तिने सुस्कारा सोडला. "ठाऊक असतं तर पडू दिलं असतं का त्याने केर्तीला? याच अंगणात रांगलाय केर्ती. पुनवेच्या पूजेची कोवळी पानं काढायला माडावर चढला होता. याच दाराला बांधायची पानं. कळलं तर तो जिवाला लावून घेईल, मांगकू. त्याला सांगू नका."

मांगकूंनी वर पाहिलं. केर्तीने त्या दिवशी काढलेली पानं दाराला अजून तशीच बांधलेली होती, सुकून तपकिरी झालेली. 'आणखी दहा लागतील, अगदी शेंड्याची बघ,' असं खालून ओरडून त्यांनीच सांगितलं होतं. तिला ते माहीत होतं. नऊ दिवसांत तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"काय सांगू मग त्याला?" पानांवरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

"म्हणावं, बहिणीकडे गेलीय. भाताच्या कापणीला. कापणी उरकली की येईल." तिने ताटली पुढे धरली.

"दोन केळी कशाला?"

"एक त्याचं. दुसरं केर्तीसाठी परत यायचं ना रोज, प्रसादाचं. आज एकच दिसलं तर विचारेल तो."

मांगकूंनी खराटा भिंतीला टेकवला. त्यांचे वडील याच देवळाचे पुजारी होते, त्यांच्याही आधी आजोबा. तीन पिढ्यांत सुतकाच्या हातचं पाणीसुद्धा या उंबरठ्याच्या आत आलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पुढे करून ताटली घेतली. तिने कप जरा सावरून दिला आणि ती बाहेरच भिंतीच्या कडेला उकिडवी बसली.

आत जाऊन मांगकूंनी कपावरची बशी काढली. कॉफी अजून गरम होती. त्यांनी उदबत्ती लावली, हात जोडले. मंत्र सवयीने ओठांवर आले, पण म्हणावेसे वाटले नाहीत. ते खाली बसले, घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसतात तसे.

"केर्तीची आई बहिणीकडे गेलीय," ते हलक्या आवाजात म्हणाले. "कापणी आहे तिकडे. येईल."

बाहेर ती ऐकत असेल का, म्हणून त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग आणखी थोडे पुढे सरकले.

"केर्तीही तिच्याबरोबरच आहे. त्याचं केळं मी नेऊन देतो."