अर्धं वावर

कारंजा गावाजवळ श्रावणजींच्या वावरात सरकारी मदतीतून तुरीवर संशोधन सुरू होतं. अर्ध्या तुरीला शेण-गोमूत्राचं जीवामृत द्यायचं, शेजारच्या अर्ध्या तुरीला काहीच द्यायचं नाही आणि शेवटी फरक मोजायचा. फरक दिसला, तर पुढच्या वर्षी साऱ्या गावात हे काम सुरू होणार होतं. श्रावणजी हरिनाम घेत घेत जीवामृत ढवळायचे आणि त्यांची बायको गोपिकाबाई ते झाडांना द्यायची. कीर्तन सप्ताहाच्या पंगतीला वाढणारा हात तिचा. एक झाड सुटायचं नाही.

तूर निघाली. संशोधन करणाऱ्या सुरभी मॅडमनी दोन्हीकडची तूर तोलली, पुन्हा तोलली.

"काकाजी, सारखीच भरली हो. जीवामृताने काही फरक पडत नाही, असंच लिहावं लागेल. पुढची मंजुरी आता मिळायची नाही."

"पण मॅडम, दोन्हीकडं झकास पिकली ना तूर!"

"तेच तर झालं ना, काकाजी."

मॅडमची जीप गेली. श्रावणजी वावराच्या धुऱ्यावर डोक्याला हात लावून बसले. एवढ्या सेवेत कुठं चुकलं, ते त्यांना काही केल्या उमगेना. गोपिकाबाईने पाण्याचा गडवा पुढे केला आणि शेजारी बसत हळूच म्हणाली,


"जाऊ द्या जी, कोणी उपाशी तं नाई राह्यलं. एका पंगतीत बसवून अर्ध्यायच्या पत्रावळी कोऱ्या ठेवाव का? मी दरखेपी तुमच्या चोरून तिकडंही वाढत होती."