पलंगाचं माप

सात जानेवारी, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. गोधडी नऊ इंच अपुरी पडली होती.

शेवटच्या आजारपणात मास्तरांच्या पत्नीने ती आपल्या अरुंद खाटेपुरतीच शिवली होती. पत्नी गेल्यावर मास्तरांनी तिच्याच जुन्या कपड्यांच्या पट्ट्या दोन्ही कडांना जोडून गोधडी दोघांच्या पलंगाएवढी, म्हणजे बरोबर सहासष्ट इंच रुंद केली होती.

"बाबा, जन्मभर वर्कशॉपमध्ये मापं शिकवलीत आणि नुसता पलंग मोजलात!" मुलगी म्हणाली. "माणूस झोपलं की त्याच्या उंचवट्यावर कापड खर्ची पडतं. तुमच्यापुरती नऊ इंच वाढवा."

"तुझ्या आईने हे आधीच सांगितलं असतं."

"सांगते कसली! रात्रभर ओढून घेतली असती."

दोघंही हसली.

मास्तरांनी नऊ इंचांची पट्टी जोडली आणि रात्री ते नेहमीप्रमाणे आपल्याच कडेला झोपले.

सकाळी त्यांची पाठ पुन्हा उघडी होती. गोधडी तेवढीच, नऊ इंचच कमी पडत होती. पलीकडे मात्र कापड जराही लोंबत नव्हतं. त्याची कड पलंगाच्या कडेला बरोबर टेकली होती. ती रिकामी बाजू डोळ्यांना अगदी सपाट दिसत होती.

कुणाची झोप मोडू नये अशा बेताने उठून मास्तरांनी टेप आणला. पलंगाचा तो अर्धा भाग तेहेतीस इंच भरला. मग त्यांनी मध्यापासून कडेपर्यंत टेप गोधडीवरून अलगद नेला. वाटेत तो बोटांखाली सावकाश वर आला, आणि खाली गेला.

त्यांनी आकडा वाचला.

बेचाळीस.