दृष्ट लागू नये म्हणून

"पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर मेलाय," स्कॅनर बघत मेकॅनिक म्हणाला. "चाकाचा वेग कळला नाही, की एबीएस बंद. मग ओल्या घाटात ब्रेक मारला, तर चाकं जाम होऊन गाडी घसरणारच."

"म्हणजे समोर एबीएसचा पिवळा दिवा पेटला असणार, दाजी. तरी माझ्या बहिणीला घेऊन गाडी काढलीत?" इंदुताईंच्या सुनेचा भाऊ उसळला. अपघातानंतर ती अजून दवाखान्यात बेशुद्धच होती. इंदुताईंच्या मुलानं मेकॅनिकपुढे जॅक सरकवला.

मेकॅनिकनं चाक उतरवलं. सेन्सरची वायर तुटून लोंबत होती आणि तिला काळ्या दोऱ्यानं बिब्बा बांधलेला होता. "हे बघा! दोरा चाकात गुंतला आणि वायर ओढली गेली. कुणी बांधलं हे?"

गाडीला लिंबू-मिरची टांगलेली इंदुताईंच्या मुलाला खपत नसे. म्हणून त्याला दिसू नये असा, चाकामागे हाताला लागेल त्या वायरीला त्यांनीच तो बांधला होता.

"मी बांधला," मुलगा पटकन म्हणाला.

"नाही रे, मी," इंदुताई कशाबशा बोलल्या. "दोघं सुखरूप राहावीत म्हणून. आता वैजू डोळे उघडेपर्यंत मी अन्न सोडलंय."

वैजूच्या भावानं हात जोडले. त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"मावशी, पाया पडतो तुमच्या. आता तिच्यासाठी काही करू नका."