एक उकार

"अहो, इथे एक उकार जास्त पडलाय," ती म्हणाली, आणि नेमकी फोरमनसमोर म्हणाली.

कोशकाराने मान वर केली. चौदा वर्षं त्याचा शब्दकोश चालला होता आणि चौदा वर्षं बायको त्याची प्रुफं वाचत होती. हे पान मात्र त्याने स्वतः तपासून, खाली ऐटीत सही ठोकून ठेवलं होतं. छापखान्याचा फोरमन ते न्यायला आला होता. तासाभरात पान मशीनवर चढणार, मग ब्रह्मदेव आला तरी अक्षर हलणार नव्हतं.

फोरमन वाकून मोठ्यांदा वाचू लागला. "वर परीस, खाली परोपकार, आणि मधे हे काय? 'पुरुष. विशेषण. खरखरीत, राठ, कठोर, निर्दय, झोंबणारे (बोलणे). मूळ शब्द परुस्, म्हणजे पेर, सांधा, त्यावरून गाठाळ.'"

"परुष हवं तिथे," ती म्हणाली.

फोरमनला हसू आवरेना. "एका उकाराने ध चा मा केला की! पण साहेब, अर्थ काही फारसा चुकलेला नाही हां."

कोशकारही हसला. ते हसू तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. घाईघाईने तिने 'पुरुष' खोडलं आणि समासात 'परुष' लिहिलं. फोरमन चहा सांगायला खाली गेला.

त्याची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत कोशकार थांबला. मग त्याने तिचं मनगट पकडलं, बोटं कार्डांच्या लोखंडी खणाच्या कडेवर दाबून धरली आणि कमरेने खण लोटला. एकदा. मग पुन्हा, कारण पहिल्या वेळी ती ओरडली नव्हती. दुसऱ्या वेळी ओली काटकी मोडावी तसा आवाज आला.

"परक्या माणसासमोर माझी अक्कल काढतेस?" तो हळूच म्हणाला. शिवी दिली नाही. शब्दांच्या बाबतीत तो भारी सोवळा. "विचारलं तर सांग, खणात हात चेमटला."

आणि तो तोंडावर पाणी मारायला आत गेला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई तिला सांगायची. इतकी वर्षं तिने ती झाकूनच ठेवली होती. आता तिने टेबलाखाली मूठ मिटून पाहिली. मिटेना. मधल्या दोन बोटांची पेरं भलतीकडेच वळली होती. तिला भयंकर राग आला, इतका की दुखणंसुद्धा मागे पडलं.

फोरमन परत आला. त्याने तिचा हात पाहिला, खणाच्या कडेवरचं रक्त पाहिलं. हसरा चेहरा एकदम उतरला.

"वहिनी, मागच्या वर्षी मनगट होतं ना?"

"हो."

"उठा, दवाखान्यात चला. पानाचं नंतर बघू."

"आधी पान."

तिने डाव्या हातात पेन्सिल धरली. समासातलं 'परुष' खोडलं. मग मघाशी खोडलेल्या शब्दाखाली एकेक टिंब देत गेली. टिंबं वेडीवाकडी पडली, पण छापखान्यातल्या माणसाला ती कळायला वेळ लागत नाही. खाली टिंबं म्हणजे खोडणं रद्द, होतं तसंच ठेवा.

फोरमन पाहत राहिला. "वहिनी, पाच हजार प्रती निघतील."

"निघू देत."

त्याने पान घडी करून पिशवीत घातलं आणि तिला उठायला हात दिला.

कोशकार टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला. "केलीस ना दुरुस्ती?"

"केली," ती जिन्याच्या पहिल्या पायरीवरून म्हणाली. "आता एकही चूक नाही."