आप्पासाहेबांची रजा

“सर, उद्यापासून हा ओटा आमच्या हास्यक्लबला द्याल का?” तनुजानं विचारलं. “तुम्ही तर इथं एकटेच असता.”

“एकटा असलो तरी सभा भरलेली हाय, बाई,” मोतीरामसर म्हणाले. “दहा जणांचं सभागृह. गणपूर्तीला एक दशांश लागतात. दहाचा दशांश किती?”

“एक,” ती म्हणाली. नागरिकशास्त्र सरांच्याच वर्गात शिकलेली. उत्तर आपोआप तोंडातून निघालं.

सिडकोतल्या बागेतला हा ओटा म्हणजे दहा निवृत्तांची संसद. नियम सरांनी थेट घटनेतून उचललेले. आठ जण वारले, नाहीतर पोरांमागं पुण्याला गेले. उरले अध्यक्ष म्हणून सर आणि विरोधी पक्ष म्हणून आप्पासाहेब. गडी हाडाचा विरोधक. स्वतःच्या पंच्याहत्तरीच्या अभिनंदनाच्या ठरावालाही ‘नाय’ म्हणाला होता. तेही सगळ्यांचं झाल्यावर, सावकाश.

आप्पासाहेबांच्या अंगावरून वारं गेलं, मुलानं गंगापूरला नेलं, त्याला आज साठ दिवस झाले. परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहणाऱ्याची जागा रिकामी जाहीर करता येते, असं घटनाच सांगते. सभा सलग चार दिवसांहून जास्त तहकूब असेल, तर तेवढे दिवस धरत नाहीत. म्हणजे सर पाच दिवस घरी पडून राहिले असते, तरी आप्पासाहेबांचे पाच दिवस वाचले असते. पण घरी बोलायला कोण होतं? अंगात ताप असतानाही ते इथं येऊन बसले. इमानानं हजेरी लावून साठ दिवस त्यांनीच भरवले, आणि आता त्यांना स्वतःचाच राग येत होता.

“आप्पासाहेब येणार असतील तर राहू द्या, सर. फोन केला होता का?”

“केला. सुनेनं त्यांच्या कानाला लावून दिला. नुसता श्वास ऐकू आला.” सरांनी वही उघडली. “त्यांच्या रजेचा ठराव मांडतो. मतदान होईस्तोवर तू खाली उतर. बाहेरच्यांना सभागृहात बसता येत नाय.”

ती उतरली आणि चपला घालून उभी राहिली.

अध्यक्षाला आधी मत नसतं. दोन्ही बाजू समसमान झाल्या, तरच ते मिळतं. शून्याला शून्य हेही समसमानच, हे सरांनी आधीच ताडून ठेवलं होतं. मग आपलं मत टाकायचं आणि आप्पासाहेबांची जागा राखायची.

सर उभे राहिले. “सन्माननीय सदस्य आप्पासाहेब यांना रजा देण्यात यावी. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.”

लिंबावर साळुंक्या भांडत होत्या. सरांनी वहीत शून्य लिहिलं.

“प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं.”

पेन कागदावर टेकलं. दुसरं शून्य मांडलं की काम फत्ते होतं. सरांनी ते मांडलं नाही. त्यांना उजव्या कानानंच ऐकू यायचं. तो कान त्यांनी ओट्याच्या रिकाम्या टोकाकडं वळवला.

ऊन ओट्यावर आलं.

“सर, झालं का?” तनुजानं हळूच विचारलं.

“थांब,” सर म्हणाले. “ते जरा उशिरानंच बोलतात.”