लांबलेलं भाषण

नोकऱ्या वशिल्यानं वाटल्या की लाचखोरी आपसूक पोसली जाते, असं सोलापूरच्या कमलाकरपंतांनी पुण्याच्या कौन्सिलात ठणकावून सांगितलं. पुढच्याच महिन्यात त्यांच्या लग्न झालेल्या लेकीनं, अनसूयेनं, शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. आता लोक काय म्हणतील, या विचारानं पंतांना चैन पडेना.

अनसूया मुलाखतीहून परतली ती नेमणूक घेऊनच.

"माझं नाव निघालं का गं तिथं?" पंतांनी चाचरत विचारलं.

"निघालं की, अप्पा. कमलाकरपंतांचं भाषण कसं वाटलं, असं साहेबांनीच विचारलं. माझं आडनाव सासरचं, त्यांना कुठं ठाऊक मी कोण ते. मी म्हटलं, मुद्दा रास्त आहे, पण गृहस्थ फार पाल्हाळ लावतात."

कौन्सिलात टाळ्या पडल्या तेव्हाही पंत इतके सुखावले नव्हते.